तुपाचे काम तेलाला सांगताना

रानात सोयाबीनची काढणी आणि घरात दिवाळीच्या सामानाची यादी, अशी दोन कामे दरवर्षी एकदमच अंगावर येतात. एरवी या पानावर मी बी-बियाण्याच्या आणि खत-मातीच्या गोष्टी सांगतो. आज मात्र चुलीपाशी बसणार आहे. कारभारणींनी हे पान स्वतः वाचावे आणि कारभाऱ्यांनी ते शेवटपर्यंत वाचावे. सुरुवात कढईत असली तरी शेवट रानातच आहे.

गोष्ट गेल्या दिवाळीची. बार्शीकडच्या एका गावात हरभऱ्याची उगवण बघायला गेलो होतो. काम आटोपून शेतकरी चहाला घरी घेऊन गेले. वहिनींनी पाणी दिले, पण चेहरा उतरलेला. विचारले तर पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सायब, काल सांजच्याला लाडू वळले. सकाळी डबा उघडून बघते तर समदे बसल्यात. पोरीचा पयला दिवाळसण हाय. परवा जावई येणार. त्यांच्या ताटात काय वाढू, आन् व्याह्यांकडं डबा काय म्हणून धाडू?"

डबा पाहिला. बेसनाच्या लाडवांच्या खरोखरच भाकरी झाल्या होत्या. विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. घरच्या गाईचे दूध सकाळ-संध्याकाळ सगळे संकलन केंद्रावर जाते. घरात विरजण लागत नाही, मग लोणी कुठले आणि तूप कुठले? आठवड्याच्या बाजारातून सुटे 'गावरान तूप' थोडे आणले होते. ते पुरेना म्हणून उरलेल्या मापाला पिशवीतले तेल घातले. बेसन भाजले छान, वासही आला, पण लाडू उभे राहिले नाहीत.

मी म्हणालो, "वहिनी, बेसन वाया गेले नाही. परात घ्या." त्यांनी सगळे लाडू मोडले. त्यात वाटीभर डाळ्याचे पीठ आणि अर्धी वाटी शेंगदाण्याचे बारीक कूट घातले आणि चांगले मळून तासभर झाकून ठेवले. सुट्या पिठाने आणि कुटाने जास्तीचे तेल पिऊन घेतले. मग वळलेले लाडू ताठ बसले. वहिनींच्या तोंडावर हसू आले.

तेवढ्यात ओसरीवर बसलेल्या त्यांच्या सासूबाई बोलल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण कान तिखट. म्हणाल्या, "आमच्या वक्ताला करडीच्या तेलाचा डबा वरीसभर पुरायचा आन् तुपाचं गाडगं उतरंडीला असायचं. करडी मोडा म्हणून तुमीच की वो सांगितलं हुतं, सायब."

यावर मला उत्तर सुचले नाही. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी कढईचे पाहू.

तेल-तुपाची चार कामे

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. गोडाधोडात तेल-तूप घालतो ते एकाच कामासाठी नाही. त्याची कामे चार. पहिले तळण्याचे. दुसरे मोहनाचे, म्हणजे पीठ खुसखुशीत करण्याचे. तिसरे बांधण्याचे, म्हणजे लाडू वळून उभा ठेवण्याचे. चौथे वासाचे. एखादे तेल किंवा तूप मिळत नसेल, तर त्याच्या जागी काय घालू, असे लगेच विचारू नका. आधी विचारा, या पदार्थात त्याचे काम कोणते? म्हणजे घरात असलेले वाटीभर तूप कुठे खर्चायचे आणि कुठे वाचवायचे, ते आपोआप कळते.

तूप आणि तेल यांत मोठा फरक आहे तो गोठण्याचा. तूप गरम असताना पातळ होऊन पिठात शिरते आणि निवल्यावर घट्ट होऊन त्याला धरून ठेवते. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल ही तेले आपल्याकडच्या दिवाळीच्या थंडीत पातळच राहतात. खोबरेल मधले. साधारण २४-२५ अंशांच्या खाली ते गोठते, वर पातळ होते. म्हणून खोबरेलाचा लाडू पहाटे दगड आणि दुपारी गोळा. कोकणातल्या कोकमाच्या बियांच्या तेलाची, म्हणजे मुठेलाची, गोष्ट उलटी. ते वितळायला ४० अंशांच्या आसपास ऊन लागते. गोडात ते तोंडाला मेणासारखे लागते, म्हणून त्याला भाजी-आमटीतच ठेवावे.

तळणीला तूप नको

तळण्याच्या कामाला कोणतेही चांगले, ताजे, वास नसलेले तेल चालते. इथे तूप वाचवा. करंज्या, शंकरपाळी, चिरोटे शेंगदाण्याच्या, करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात बिनघोर तळा. घाण्याचे ताजे तेल असेल तर ते आधी मंद आचेवर कढवून घ्या. फेस बसला आणि कच्चा वास गेला की मग तळण सोडा. धूर निघेपर्यंत मात्र तापवू नका.

जवसाचे तेल तळणीला घेऊ नये. ते तापले की उग्र होते आणि लवकर खवट होते. विदर्भातल्या भगिनींनी जवस भाजून, कुटून गुळाच्या लाडवात घालावेत. त्यातच त्यांचे खरे चीज आहे.

अनारशांबद्दल पुष्कळांच्या मनात शंका असते. तुपात तळले नाहीत तर जाळी पडत नाही, असे म्हणतात. जाळी पडते ती तीन दिवस भिजवलेल्या तांदळाने, गुळाने आणि पीठ मुरल्याने. तुपाने चव येते, जाळी येत नाही. तेलात तळताना आच मंदच ठेवा, खसखशीची बाजू वर राहू द्या आणि झाऱ्याने वरून तेल उडवत राहा. पहिला अनारसा कढईत हसला, म्हणजे फुटून पसरला, तर पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळा. फारच कडक झाला तर दुधाचे दोन थेंब किंवा केळ्याचा छोटा तुकडा मळून घ्या. तळलेले अनारसे चाळणीत उभे करून ठेवले की जास्तीचे तेल निथळते.

तळून उरलेले तेल गाळून घ्या आणि एक-दोन दिवसांत भाजी-फोडणीत संपवा. तेच तेल पुन्हा पुन्हा तळणीला चढवणे प्रकृतीला वाईट. काळे पडलेले, चिकट झालेले, फेस धरणारे तेल जनावरांच्या आंबोणातही घालू नये.

मोहनाला तेल चालते, पण मापाने

शंकरपाळ्यांचे ठरलेले माप आपल्याला पाठ असते. एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध किंवा पाणी, आणि त्यात मावेल तेवढा मैदा किंवा कणीक. तुपाऐवजी तेल घ्यायचे तर वाटीऐवजी पाऊण वाटी घ्या. तेल गोठत नाही, पिठाच्या कणाकणाला लवकर माखते, म्हणून कमी पुरते. पूर्ण वाटी घातलीत तर शंकरपाळी कढईत सुटतात, तळाशी चुरा साचतो, आणि आपण दोष देतो मैद्याला.

करंजीच्या पारीला दोन वाट्या रवा-मैद्याला पोहे खायच्या चमच्याने चार चमचे तूप घालत असाल, तर तेल तीन चमचे घ्या. कडकडीत तापवून घाला. मग पीठ हाताने चोळा आणि मुठीत दाबून पाहा. मुटका झाला आणि बोटाने टोचल्यावर सहज फुटला, तर मोहन बरोबर. मुटका होतच नसेल तर चमचाभर तेल आणखी घाला.

घरात दूध जास्त आणि तूप कमी असेल तर लोणी वापरावे, असे काहीजणी विचारतात. चालते, पण ध्यानात ठेवा की लोण्यात पाण्याचा अंश असतो. किलोभर लोणी कढवले तर तूप आठशे ग्रॅमच्या आसपास निघते. म्हणून चार चमचे तुपाच्या जागी पाच चमचे लोणी घ्या आणि दूध-पाणी तेवढे कमी करा.

साटा आणि लाडू: तूप राखायचे ते इथे

चिरोटे आणि पापुद्र्याच्या करंज्या यांना साटा लागतो. तूप फेसून त्यात तांदळाची पिठी मिसळायची आणि पोळीवर लावून घड्या घालायच्या. इथे पातळ तेल पोळीत जिरते आणि पापुद्रे एकमेकांना चिकटतात. म्हणून तूप इथे वापरा. लागतेही थोडे. चार-पाच चमच्यांत घरापुरते चिरोटे होतात. अगदीच नसेल तर तेलात तांदळाची पिठी जास्त घालून मलमासारखा घट्ट लेप करा. पापुद्रे सुटतात, पण तुपासारखे हलके होत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

बेसनाच्या लाडवाला चार वाट्या बेसनामागे सव्वा ते दीड वाटी तूप लागते. एक वाटीच असेल तरी निभते. बेसन थोडे रवाळ दळून आणा आणि मंद आचेवर धीराने भाजा. उतरवण्याआधी दोन-तीन चमचे दुधाचा हबका मारा. बेसन फुलते आणि कमी तुपातही वळते. मात्र दुधामुळे असे लाडू आठ दिवसांत संपवावेत.

तूप वाटीपेक्षाही कमी असेल, तर तेलाची भर घालून बेसनाचे लाडू करण्याच्या फंदात पडू नका. पदार्थच बदला. पाकातले रव्याचे लाडू करा. तिथे बांधायचे काम तूप नाही, साखरेचा एकतारी पाक करतो. चार वाट्या रव्याला भाजण्यापुरते पाऊण वाटी तूप पुष्कळ झाले. नाहीतर शेंगदाणा-गुळाचे किंवा तीळ-गुळाचे लाडू करा. शेंगदाण्यात आणि तिळात निम्म्याच्या आसपास तेलच असते. भाजून गुळाबरोबर उखळात कुटले की ते सुटते आणि लाडू आपोआप बांधला जातो. वरून थेंबभर तूप नको. आणि हे तेल कोणत्या पिशवीतून आले, असा प्रश्नही पडत नाही.

पुरणपोळीबद्दल वेगळे काय सांगावे? तव्यावर ती कोरडी भाजता येते. पण ताटात वाढताना वर तुपाची धार हवीच. ते काम वासाचे, चवीचे आणि मानाचे. तिथे तेल चालत नाही. एक चमचा का होईना, तूप राखून ठेवा.

वनस्पती आणि सुटे तूप

वनस्पती तूप, ज्याला आपण सरसकट डालडा म्हणतो, ते तेलच असते. कारखान्यात हायड्रोजन वायूची प्रक्रिया करून ते घट्ट केले जायचे. ते घट्ट असल्याने लाडू बांधते, साटाही चांगला होतो. म्हणून एके काळी घरोघर शिरले. पण या प्रक्रियेत ट्रान्स फॅट नावाचा अंश तयार होतो आणि तो हृदयाला घातक ठरतो. सरकारने तेला-तुपातल्या या अंशावर मर्यादा घातली. १ जानेवारी २०२२ पासून ती दोन टक्के आहे. तरी डबा घेताना लेबल वाचा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. आणि वनस्पती वापरायचेच तर सणापुरते, साट्यापुरते वापरा. रोजच्या पोळीला लावू नका.

त्याहून जपायचे ते बाजारातल्या सुट्या 'गावरान' तुपापासून. म्हशीच्या दुधाचे किलोभर तूप घरी काढायला १५ ते १८ लिटर दूध लागते, गाईच्या दुधाचे काढायला २५ लिटरच्या वर. आपल्या दुधाचा भाव आपल्याला ठाऊक आहे. घरीच गुणाकार करा. त्या हिशेबापेक्षा बरेच स्वस्त तूप कोणी दारात आणून देत असेल, तर ते निव्वळ तूप नाही, एवढे समजून घ्या. वासावर जाऊ नका, वास मागाहूनही घालता येतो. विकतच घ्यायचे तर बंद डब्यातले, अ‍ॅगमार्कचा शिक्का असलेले घ्या.

म्हातारीचा प्रश्न

आता त्या आजींच्या बोलण्याकडे वळतो.

त्यांचे खरे होते. १९९० नंतर सोयाबीन आपल्या भागात आले. त्या वर्षांत मी बांधाबांधावर उभा राहून सांगत होतो की करडई काट्याची, काढणीला मजूर मिळत नाहीत, भाव बेभरवशाचा. त्यापेक्षा खरिपात सोयाबीन घ्या आणि त्यावर हरभरा करा. दुधाबद्दलही तेच. घरात घुसळत बसण्यापेक्षा केंद्रावर घाला, रोख पैसा येईल. पैसा आला, हे खोटे नाही. त्या पैशावर घरे बांधली, मुले शिकली. त्या सल्ल्याचे सगळेच चुकले, असे मी म्हणणार नाही.

पण माझ्या हिशेबाच्या वहीत एक रकाना नव्हता. घरात वर्षभर लागणारे तेल आणि पोरांच्या ताटातले ताक-तूप त्या रकान्यात यायला हवे होते. ते मी मोजले नाही, कारण ते बाजारात विकले जात नव्हते. ज्या घराने तेलबिया पिकवल्या, तेच घर आज परदेशातून आलेले पामतेल पिशवीतून विकत घेते. ज्याच्या दारात गाय आहे, तेच बाजारात तूप शोधत फिरते. त्या वहिनींचे लाडू बसले, त्यात थोडा वाटा माझाही होता.

म्हणून आज दोन कामे सांगतो. सगळे रान बदला, सगळे दूध घरात ठेवा, असे सांगत नाही. घरापुरते बघा, एवढेच.

पहिले काम करडईचे. पाच माणसांच्या घराला महिन्याला तीन किलो तेल धरले, तर वर्षाला साधारण ३५ किलो लागते. करडईत तेलाचा अंश २८ ते ३२ टक्के असतो. घाण्यावर चार किलोला एक किलो तेल धरून चालावे. म्हणजे १४० किलो करडई हवी. मध्यम ते भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत कोरडवाहू करडई एकरी तीन-चार क्विंटल येते. तेव्हा १५ ते १८ गुंठ्यांत घरचे तेल निघते. वेगळा तुकडा नसेल तर हरभऱ्याच्या चार ओळींमागे दोन ओळी घ्या, किंवा ज्वारीच्या कडेने पट्टा टाका. काट्यामुळे मोकाट गुरे आत शिरत नाहीत, हा फायदा आपल्या वाडवडिलांना ठाऊक होताच.

पेरणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरका. उशीर झाला की मावा फार येतो. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर राहू द्या. एवढ्या रानाला दोन किलो बी पुरे. बी भीमा किंवा परभणी कुसुम यांसारखे सुधारित घ्या. काट्यांचा त्रास नको असेल तर बिनकाट्याचे वाणही आहेत, कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. काढणी पहाटे दवात करावी, तेव्हा काटे नरम असतात. हाताला फडके गुंडाळायला विसरू नका.

सगळी करडई एकदम गाळू नका. तेल ठेवले की खवट होते, बी ठेवले तर टिकते. बी चांगले वाळवून पोत्यात भरा आणि दोन-तीन महिन्यांना लागेल तेवढेच घाण्यावर न्या. पेंड घरच्या जनावरांना घाला.

दुसरे काम दुधाचे. घट बसतात त्या दिवसापासून वसुबारसेपर्यंत जवळजवळ चार आठवडे मिळतात. या दिवसांत रोज फक्त एक लिटर दूध केंद्रावर न घालता घरी ठेवा आणि विरजण लावा. दोन-तीन दिवसांचे दही साठले की घुसळा. म्हशीचे दूध असेल तर दिवाळीपर्यंत दीड किलोच्या आसपास तूप होते, गाईचे असेल तर पाऊण किलो ते किलो. साटा, लाडू आणि पोळीवरची धार, सगळे त्यात भागते. ताक घरात राहते ते वेगळेच. नातवंडे भाकरीबरोबर ते पितील.

गेल्या महिन्यात त्या घरी पुन्हा जाणे झाले. शेतकऱ्याने हरभऱ्याच्या रानात एक पट्टा करडीसाठी आखून ठेवला होता. वहिनींनी फळीवर ठेवलेले नवे गाडगे दाखवले. आजी काही बोलल्या नाहीत. नुसते माझ्याकडे पाहिले आणि सुनेला म्हणाल्या, "सायबाला ताक दे."

तेव्हा भगिनींनो, यंदा यादी लिहिताना प्रत्येक पदार्थापुढे तेल-तुपाचे काम लिहा. आणि बंधूंनो, त्याच यादीच्या मागच्या बाजूला १५ गुंठ्यांचा हिशेब मांडा. पुढच्या वेळी भेटू ते हरभऱ्यावरच्या घाटे अळीला घेऊन. तोपर्यंत राम राम.